ईस्टरपर्यंत थांबलेल्या चार ओळी

शुक्रवार, संध्याकाळ. नॉर्थ यॉर्क.

अल्बम पुन्हा लांबला. तिसऱ्यांदा. पण या वेळी मला लाज वाटत नाहीये, हे लिहून ठेवतो.

शेवटच्या ट्रॅकमध्ये मम्मी आहे. वसईच्या लग्नातल्या गाण्याच्या चार ओळी ती गाते आणि त्यावर माझा रॅप. नाताळात बेसमेंटमध्ये रेकॉर्ड केलं, पण मागे घर गरम ठेवणाऱ्या फर्नेसची घरघर आली. प्रोड्युसर रोहनने ती कॉम्प्युटरवर साफ केली, तर मम्मीचा आवाज बँकेच्या फोनवरच्या बाईसारखा झाला. म्हणून आज नवीन माइक लावून तिला खाली बोलावलं.

ती पायरीवरच थांबली. "आता? परवाच कपाळाला राख लावली ना आपण? ईस्टरपर्यंत लग्नाची गाणी म्हणतात का कोणी?"

ईस्टरआधीचा उपवासाचा काळ सुरू झालाय, हे विसरलोच होतो. वसईचा पोरगा आणि हे विसरतो?

रोहन फोनवर ओरडला, "लोग भूल जाएंगे, भाई!" विसरू देत. ट्रॅक वाजला की येतील परत. माझा रॅप मी बसमध्येही करेन, पण त्या चार ओळी मम्मीशिवाय कोण गाणार? 'ईस्टरनंतर' अशी पोस्ट टाकून मोकळा झालो.

जेवताना मम्मी म्हणाली, "त्या दिवशी फर्नेस बंद ठेव. मी स्वेटर घालून गाईन. नाताळातल्या रेकॉर्डिंगमध्ये तिच्या घरघरीत माझा आवाज कुठे ऐकू येतोय?"

मी तिला ते रेकॉर्डिंग कधी ऐकवलंच नव्हतं. म्हणजे मी कामावर गेलो की ती खाली जाऊन ऐकते.