ॲगीचं तळघर

८ जानेवारी २००५, शनिवार. ॲन आर्बर

आज एकदाचे नव्या घरात आलो. मी, सौ. सुहासिनी, चार बॅगा आणि नेपरव्हिलहून धाकट्या भावानं, गिरीशनं, बळंच दिलेला मायक्रोवेव्ह. वरच्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या, ऊन छान येतं. बाहेरचा बर्फ पाहून सौ. म्हणाली, फ्रिज कशाला लागतो, भाजी खिडकीत ठेवली की झालं.

खाली संग्रहालय, म्हणजे एकच तळघर; ते सांभाळायचं आणि लोकांना दाखवायचं, ही माझी नवी नोकरी. मालकीणबाई मिसेस लाउडन हिवाळाभर फ्लोरिडात असतात. त्यांच्या डॉक्टर आजोबांनी स्कॉटलंडमधल्या एडिंबरा शहरातली एक जुनी खोली विकत घेतली, दगडांवर आकडे टाकून जहाजानं आणली आणि इथे जशीच्या तशी रचली. माहितीपत्रकात तिला ग्रॅनाइटची म्हटलंय. चूक. तो वालुकाश्म आहे. अकरावीनंतर मी शाळा पाहिली नाही, पण नागपूरच्या छापखान्यात हाती येईल त्या विषयाची प्रुफं वाचली. दगड तिथेच कळले, इंग्रजीही.

गिरीशला फोन केला. दादा, आता भुतांचा गाइड का, म्हणून हसला. म्हटलं, भुतांचा नव्हे, इतिहासाचा. नीट बोल.

१५ जानेवारी, शनिवार

पहिली टूर. विद्यापीठाचे विद्यार्थी. मी पाठ करून बोलत नाही, समजून बोलतो, त्यामुळे पोरं गप्प ऐकत होती.

पावणेदोनशे वर्षांपूर्वी एडिंबऱ्यात डॉक्टरी शिकवायला प्रेतं पुरत नसत. चोर कबरी उकरत, म्हणून लोक कबरींवर लोखंडी पिंजरे बसवत. या खोलीतल्या जोडप्यानं उकरण्याचे कष्टच वाचवले. टॉम आणि ॲगी. गरीब वाटसरूला आसरा द्यायचा, दारू पाजायची, आणि टॉमनं छातीवर बसून, ॲगीनं नाकतोंड दाबून, श्वास कोंडून मारायचा. अंगावर खूण नाही, माल ताजा. टॉम फासावर गेला. ॲगी त्याच्याविरुद्ध साक्ष देऊन सुटली आणि पुन्हा इथेच येऊन राहिली. नेताना टॉम उंबऱ्यात म्हणाला होता, येतो. ती मरेपर्यंत सगळ्यांना तेच सांगायची, तो येतो म्हणालाय.

टूर संपली, दार लावताना सवयीनं मी म्हटलं, येतो. एका मुलीनं अर्थ विचारला. आमच्यात जातो म्हणत नाहीत, अशुभ असतं, हे नीट समजावलं, आणि बरोब्बर भाषांतर हवं म्हणून रिकाम्या खोलीकडे तोंड करून खणखणीत इंग्रजीत म्हणून दाखवलं, आय ॲम कमिंग. पोरं हसली.

आत कुणीतरी बाकावरून उठल्यासारखा आवाज झाला. जुनं लाकूड.

जेवताना सौ. मात्र चिडली. म्हणे, अहो, घरच्यांना म्हणायचं ते. त्या मेलीच्या खोलीला काय येतो येतो.

२२ जानेवारी, शनिवार

बर्फाचं वादळ, टूर रद्द. तळघरात शेजारचं मांजर मेलेलं सापडलं. जखम नाही. बरगड्या मात्र आत दबून पार सपाट झालेल्या. दार बंद होतं, किल्ली माझ्या खिशात.

सौ.ला सांगितलं नाही. तिनंच विचारलं, मघाशी खाली इतका वेळ कुणाशी बोलत होता.

मी बोलत नव्हतो.

२७ जानेवारी, गुरुवार

हे लिहायला हवं, आणि अचूक लिहायला हवं.

हीटर दुरुस्त करायला डॅरिल नावाचा मेकॅनिक आला. त्याला तळघरात नेलं. पुढचं आठवत नाही. भानावर आलो तेव्हा तो जमिनीवर, चेहरा निळाजांभळा, टाचा दगडावर आपटत होता. माझे दोन्ही हात त्याच्या तोंडावर. त्यानं मला ठोसा मारला, माझा दात पडला, आणि तो रक्त पुसत जिना चढून पळाला. रक्त माझंही होतं, त्याचंही. त्याच्या गालांवर नखं रुतली होती.

त्याच्या ऑफिसला फोन केला. म्हणाले, तो घरी बसलाय, कुणाशी बोलत नाही.

मी कधी कोंबडीसुद्धा मारलेली नाही.

२८ जानेवारी

सौ.ला नेपरव्हिलच्या गाडीत बसवून दिलं. ती रडत होती, तुम्हीही चला. बदली माणूस मिळाला की निघतो म्हटलं. खरं कारण वेगळं. हे हात घेऊन तिच्या शेजारी बसायचं नाही मला. तिला काही होता कामा नये. बाकी माझं काय व्हायचं ते होवो.

३१ जानेवारी

निघालो. बॅग घेऊन बसस्टॉपवर बसलो. डोळे मिटले असतील —
उघडले तेव्हा तळघरात, बाकावर. शेजारी कुणीतरी ऊबदार. दारूचा वास. माझी बॅग उघडून कपडे नीट घड्या घालून ठेवलेले, जसे बायको ठेवते.

२ फेब्रुवारी

गिरीशला फोन केला. तो चक्रावला. वहिनी सकाळीच निघाली की, दादा. तूच काल म्हणालास, ताप आहे, तिला धाड.

मी फोन केला नाही. मी —

दुपारी पोचेल. तिला आत येता येऊ नये म्हणून घराला आतून कडी लावली. वळलो, कडी उघडी. पुन्हा लावली —

नंतर

उजव्या हाताची बोटं दाराच्या फटीत घालून दार ओढलं. चारही मोडली. हाड दिसतंय. एका हातानं नाक आणि तोंड दोन्ही पुरती दाबता येत नाहीत, स्वतःवर करून पाहिलं. आता सुहास वाचेल. डाव्यानं लिहितोय.

ती आली. हात पाहून आधी शिव्या दिल्या, मग रडली. ओढणी फाडून बांधलं. टॅक्सी बोलावलीय. प्रवासानं दमले, जरा पाठ टेकते म्हणाली —

अहो उठा, म्हणतेय. छातीवरून उठा —
कधी बसलो — पाय हलत नाहीत —

तिच्या तोंडावर हात. माझे नाहीत. बाईचे, मळके —

डॅरिलच्या वेळी मी दाबत नव्हतो. मी ॲगीचे हात सोडवत होतो. तिला माझं वजन हवं फक्त —

डाव्यानं ओढून पाहिले, निघत नाहीत, उजवा असता तर —

सुहास, चाव तिला, चाव, मी