‘सोबत’चा नियम

आवडी, चेन्नई
१२ फेब्रुवारी २०२५

प्रिय रत्नप्रभाताई,
सप्रेम नमस्कार.

दादांची तब्येत कशी आहे? त्यांना खुर्चीत बसवायला नवा मदतनीस मिळाल्याचं ग्रुपवर वाचलं, बरं वाटलं. नाशकात अजून गारठा असेल. इथे पंखा लावावा लागतोय.

ग्रुप सोडून टपालानं का लिहिते, असं वाटेल तुम्हाला. तुम्ही कुशलसाठी डोळ्यांनी बोलायचा अक्षरांचा तक्ता पाठवला होता ना, त्या पार्सलवर तुमचा पत्ता होता.

‘सोबत’ या आपल्या ग्रुपमध्ये घेताना तुम्ही माझी केवढी चौकशी केली होती! डॉक्टरांचे कागद मागवलेत, कुशलशी व्हिडिओवर बोललात, वर पंधरा दिवस थांबवलंत. राग आला होता मला. ‘चेन्नईतले मराठी’ ग्रुपवर हजारो माणसं, तिथे बटण दाबलं की आत. पण नवऱ्याचे स्नायू एकेक करून निकामी होताहेत असं तिथे लिहिलं, तेव्हा कुणी तेल सुचवलं, कुणी नवस, आणि लगेच खाली ज्वारीचं पीठ कुठे चांगलं मिळतं यावर भांडण. तुमच्या तीस-चाळीस घरांत मात्र सगळ्यांच्याच घरी हा आजार. ‘आज त्याला गिळता येत नाही’ एवढं लिहिलं की कुणीतरी विचारायचं, ‘मान कशी ठेवलीयस?’ त्या एका प्रश्नावर माझे दिवस निघाले.

परवा नव्या आलेल्या भव्यानं विचारलं, नळीतून भरवताना नवरा रडतो, काय करू? मी लिहिलं, ‘मी कुशलला आधी जेवणाचा वास घ्यायला देते, मग भरवते. बरं वाटतं त्याला.’

देते नाही, ताई. द्यायचे.

कुशल गेला. पोंगलच्या सुट्टीत, भर दुपारी. शेजारपाजारचे सगळे गावी गेलेले. तुम्हाला कळवायला फोन उचलला आणि नियम आठवला. गेल्याची बातमी ‘सोबत’वर टाकायची नाही, आणि ज्याचं माणूस गेलं त्यानं बाहेर पडायचं. म्हणून त्या हजारोंच्या ग्रुपवर लिहिलं, ‘आवडीजवळ कुणी आहे का? नवरा गेला. घरी मी एकटी आहे.’

तासाभरात रघुराम आणि कनकाअक्का आले. तंजावरकडचं मराठी जोडपं, पूर्वी कधी पाहिलेलं नाही. अक्का दारातूनच म्हणाल्या, ‘भिऊ नको मा, आम्ही आहों.’ मागून आणखी सात-आठ जण आले. कुशलला ठेवायला बर्फाची पेटी त्यांनीच आणली. दुसऱ्या दिवशी सासरची माणसं साताऱ्याहून पोचली, तरी खांदा द्यायला हीच माणसं होती.

त्यांचे उपकार विसरणार नाही. पण कुशलला त्यांनी जिवंत पाहिलंच नव्हतं. अक्का अजून डबा घेऊन येतात, जवळ बसून विचारतात, ‘फार सोसलं का मा त्यानं?’ कुठून सांगायला लागू? मी खाली मान घालून डबा उघडत बसते. त्यांना वाटतं मी रडतेय, म्हणून पाठीवरून हात फिरवतात. तुम्हा लोकांना सांगावं लागत नाही. नुसत्या डोळ्यांनी ‘पाणी’ म्हणायला माणसाला किती वेळ लागतो, ते तुम्हाला माहीत आहे.

नियम चुकीचा नाही. भव्यानं सकाळी ही बातमी वाचली तर तिला नळी धरवणार नाही. आणि तुम्ही तर हे दादांच्या शेजारी बसून वाचत असाल. लिहू की नको, किती वेळा झालं. पण भव्याला पुन्हा खोटं सांगणं नको. आणि ग्रुप सोडायला जावं, तर नेमकं कुणीतरी लिहितं, ‘आहे का कुणी?’ मी असते. आता मला दुसरं कामच नाही.

माझ्यासाठी नियम मोडा असं म्हणवत नाही. आपणहून निघताही येत नाही. तुम्हीच काढा मला. भव्या विचारेल, मधुवंती कुठे गेली. काय सांगायचं ते मला सुचलेलं नाही.

पत्र कुणाचं, ते दादांना सांगू नका.

हे हातात पडेपर्यंत तरी तुमच्यातलीच,
मधुवंती