अक्काच्या नावाचा केसपेपर

लोधिवली, ता. ३ फेब्रुवारी २०२५

ती. अक्का हिस, शि. सा. न. वि. वि.

तनयानं माझा मोबाईल काढून घेतला, म्हणून पत्र. म्हणते, आई, तू त्यात रोज नवा आजार शोधतेस. पण छाती खरंच धडधडते गं. शनवारी चुलीपुढं हात गार पडले, घाम फुटला, वाटलं गेलेच. रिक्षा करून पनवेल गाठलं. दिवाळीपासून तीन इसीजी, हृदयाची सोनोग्राफी, पोटाची दुर्बीण, बेचाळीस हजार गेले. रिपोट सगळे चांगले. चांगला रिपोट आला की मला जास्त भ्या वाटतं, आजार लपून बसला असंल तर? आता मीच हृदयात नळी घालून बघा म्हणून डाक्टरांच्या मागं लागलेय. पस्तीस हजार लागतील. तनयाच्या नर्सिंगच्या फीचे तेवढेच हायेत. मोडू का?

तुझी घाबरट,
आवडी

कशेळे, ता. ८ फेब्रुवारी

चि. आवडीस अनेक आशीर्वाद आणि एक धपाटा.

पत्र देऊन पोस्टमन दारातच उभा, कोण मेलं ते ऐकायला. म्हटलं, कोण नाय रं, आमची आवडी दर शनवारी मरते, तिचंच हाय.

बेचाळीस हजार! तेवढ्यात तुझं तेरावं होऊन वर लाडू उरले असते. फीला हात लावलास तर बघ. आमच्या नर्स संजनाबाई म्हणतात, छाती धडधाकट असून बी काळजीनं अशी धडधडते, तो बी आजारच, त्याला औषध हाय. कर्जतच्या सरकारी दवाखान्यात मंगळवारी मनाची डाक्टरीण येते.

लोक येडी म्हणतील, हेच ना? मंग येडी मी होते. गावात माझं तेवढं नाव हायच. केसपेपर माझ्या नावाचा, तू मला धरून आलेली. तुझी धडधड मी सांगते, गोळ्या तू खा. अठरा तारखेला कर्जतच्या स्टँडवर ये.

लोभ असू दे, नळी नको.

तुझी अक्का

लोधिवली, ता. २१ फेब्रुवारी

ती. अक्का हिस, नमस्कार आणि तुझाच धपाटा परत.

मंगळवारी हसून हसून छाती दुखली, आणि पहिल्यांदाच मी घाबरले नाय. मेले मेले करत तू बाकावर अशी पसरलीस, शिपाई पाणी घेऊन धावला! आत सगळं पाठ म्हटलंस, गार हात, घाम, धडधड. मंग डाक्टरीणबाईंनी विचारलं, संध्याकाळी काय करता. ते आपण घोकलंच नव्हतं. तू बोलून गेलीस, मालक गेल्यापासनं दिवेलागणीला घराचं कुलूप काढवत नाय, म्हणून लोकांची चेष्टा करत आळीभर फिरते. तुझा हात माझ्या हातात होता, अक्का. तो गार पडला होता.

मंग मलाच राहवलं नाय. म्हटलं, बाई, धडधड माझी, कुलूप हिचं. बाई हसल्या, म्हणाल्या, एकीच्या गोळ्या दुसरीला चालत नायत, दुसरा केसपेपर काढा.

दोघींच्या खर्चात सगळ्यात महाग पडले ते तू हट्टानं खाल्लेले चार वडे.

काल परत धडधडलं. बाईंनी शिकवला तसा श्वास मोजला, सत्तर मोजेपर्यंत उतरलं. रिक्षा नाय बोलावली. तनयाची फी भरली. आता चार मार्चची तारीख. तू पळशील म्हणून तुझा केसपेपर मी दाबून ठेवलाय.

तुझी पेशंट नंबर दोन,
आवडी

कशेळे, ता. २६ फेब्रुवारी

चि. आवडीस आशीर्वाद.

लई शाणी झालीस गं! शनवारी आता कोण मरत नाय म्हटल्यावर पोस्टमनचं तोंड उतरलं.

मनाच्या डाक्टरणीकडं जाते म्हणून आळीत मीच सांगून टाकलं. वाटलं, आता माझी चेष्टा. तर शाळेच्या मालतीबाई मागनं हळूच आल्या, म्हणाल्या, मला बी घाम फुटतो हो. नंतर बुधाजीची सून. आता आमाला आख्खी जीपच करायला लागते बघ.

काल दिवे लागायच्या आत घरी गेले. कुलूप दोनदा हातातनं सुटलं, तिसऱ्यांदा काढलं. आत चेष्टा करायला कोण नाय. मंग तुझ्या भावजींच्या फोटोलाच म्हटलं, बायको येडी निघाली तुमची, कागद बी हाय. हसले वाटतं.

लोभ हाय तेवढा बास. चार तारखेला वडे तुझ्याकडनं.

पेशंट नंबर एक,
अक्का