मामाच्या हातची खीर

१ नोव्हेंबर, शनिवार

येत्या शनिवारी प्रेरणाच्या पोराला सहा महिने पूर्ण होतायत. मला कुणी सांगितलेलं नाही! अनघानं तिच्या मोबाईलवर फोटो दाखवला – गादीवर बसवलाय, मागं उशी, तोंडात एक दात नाही आणि हसतोय काय! अन्वित नाव ठेवलंय. सख्ख्या भाच्याचं नाव मला बायकोच्या मोबाईलवरून कळतं. शाब्बास रे मामा!

मुलाचं उष्टावण आमच्यात सम महिन्यात करतात. सहाव्यात, नाहीतर आठव्यात. खिरीचा पहिला घास मामानं भरवायचा. मामा एकच आहे, आणि तो धरणाच्या कडेला पर्यटकांचे तंबू ठोकत बसलाय.

बहिणीचा निरोप आला तर जाईन. नाही आला तर गेलं उडत!

८ नोव्हेंबर

निरोप नाही. सहावा संपला.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आज बत्तीस माणसं मुक्कामाला. त्यात पुण्याचं एक जोडपं, सात महिन्यांची मुलगी घेऊन. बाई म्हणाली, "दादा, हिच्यासाठी मऊ भात मिळेल? मीठ नको, तिखट नको." घरचा इंद्रायणी तांदूळ, मूठभर मूगडाळ, पार गिचका शिजवला. घोटला, गाळणीतून काढला. पोरगी प्रत्येक घास जिभेनं बाहेर ढकलायची. आई रडकुंडीला आली. मी म्हटलं, थोडं तूप घाला, चमच्याच्या टोकावर घ्या, घाई करू नका. मग काय – वाटी चाटूनपुसून!

"तुम्हाला सवय दिसतेय," बाई म्हणाली.

"व्हय, भाचा आहे ना मला. रोज भरवतो त्याला."

धडधडीत खोटं! तोंडातून निघून गेलं. प्रेरणाची लय आठवण आली. आई शेतावर जायची तेव्हा तिला मीच भरवायचो. मी आठ वर्षांचा, ती वर्षाची. दुधात भाकरी कुस्करून द्यायचो. माझं बोट चावायची आणि वर खदखदून हसायची, भवानी!

१९ नोव्हेंबर

लिहूनच टाकतो. हितं कोण वाचतंय?

आबा गेले आणि सातबाऱ्यावर आमची दोघांची नावं लागली. तिकोणा पेठेत आता जिकडंतिकडं बंगले उठतायत. सगळे भाऊ बहिणींना वडगावच्या नोंदणी कचेरीत नेतात, हक्कसोड करून घेतात. बहिणी आपला हिस्सा सोडल्याची सही देतात, साडी घेतात, जेवून घरी जातात. रीतच पडलीय. मीही कागद तयार करून टाकव्याला गेलो, प्रेरणाच्या सासरी.

ती म्हणाली, "दादा, जमीन तूच कस. मला काही नको. फक्त नाव राहू दे. आबांच्या मागं माझं तिथं तेवढंच आहे."

माझं डोकंच फिरलं. भर अंगणात, तिच्या सासूसमोर ओरडलो – सही केल्याशिवाय तुझ्या दारात पाय ठेवणार नाही! कागद तिथंच ओट्यावर टाकला आणि गाडीला किक मारली. दीड वर्ष झालं. बारशाला गेलो नाही. दोन भाऊबिजा कोरड्या गेल्या.

नाव राहिलं असतं तर माझं काय बिघडत होतं? आज कळतंय. पण आता जाऊ कसा? थुंकून चाटू?

३० नोव्हेंबर, रविवार

अंबूबाई मावशी आली होती. माहेर आमच्या आळीतलं, सासर टाकव्यात, प्रेरणाच्या दोन घरं पलीकडं. मी काही विचारायच्या आतच सुरू झाली.

"आरं, तिनं उष्टावणच न्हाई केलं! डाक्टरनं सांगितलं म्हून पेज देतीया, नाचणीचं सत्व देतीया. पर खिरीचा घास न्हाई लावला. सासू म्हनली, शेजारचा कुनी बशिव मामा म्हून. तर म्हनली कशी – माझा भाऊ हाय जित्ता!"

"मंग मला निरोप का न्हाई धाडला?"

"तू काय बोल्लातास तिच्या दारात? तिनं कुटल्या तोंडानं बोलवायचं?"

मावशी गेल्यावर तंबू झाडत होतो. माझा भाऊ हाय जित्ता! दहा वेळा मनात म्हणून पाहिलं.

१२ डिसेंबर

कामशेतला भाच्यासाठी चांदीची वाटी घेतली. तशीच गाडी कान्हे फाट्यापर्यंत नेली. तिथून टाकवं कितीसं लांब! एक चहा घेतला. मग दुसरा घेतला. आणि परत फिरलो.

अनघा म्हणाली, "दोन चहा प्यायला एवढ्या लांब गेला होता का?"

२ जानेवारी

आठवा संपायला सहा दिवस. पोराला आता दात आले असतील. कुणी लेकराला काही भरवताना दिसलं की हातातलं काम टाकून बघत बसतो मी. जायचंय मला. बास, जायचंय!

६ जानेवारी, मंगळवार

सत्यम आला होता – प्रेरणाचा नवरा. पाकीट हातात दिलं, चहाही न घेता गेला.

आत तोच हक्कसोडीचा कागद. पानापानावर प्रेरणाची सही. मागं पेनानं लिहिलंय – "दादा, सही केली. नोंदवायला वडगावला कधी यायचं ते सांग. गुरुवारी अन्वितला आठ महिने पूर्ण होतात. आता तरी ये."

दीड वर्ष हीच सही मागत होतो मी! हातात आली तर धरवेना. आबांच्या जमिनीवरचं नाव सोडलं पोरीनं, कशासाठी – तर तिच्या लेकराला मामाच्या हातचा एक घास मिळावा म्हणून. लाज वाटते. अनघासमोर ढसाढसा रडलो.

८ जानेवारी, गुरुवार

टाकव्याला गेलो. आधी प्रेरणासमोर कागद फाडला. मग पाटावर बसलो, अन्वितला मांडीवर दिलं. मला बघून त्यानं हंबरडाच फोडला! चांदीच्या वाटीतून खिरीचा चमचा पुढं नेला की ओठ घट्ट मिटायचा, मान फिरवायचा. तीनदा. तिच्या सासूबाई म्हणाल्या, "नुसतं ओठाला टेकवा, झालं. उद्या नववा लागतोय!" प्रेरणा म्हणाली, "लागू दे. जबरदस्ती नको." चमचा तिनं घेतला, तर लगेच आ केला त्यानं. मी खाली मान घालून बसलो. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला – "त्याला तुझी ओळखच नाही रे दादा. उद्या परत ये. रोज ये."