मिसेस पेनफोल्डना आलेली टर्न

६ जानेवारी, सोमवार

नापास. परत एकदा!

खोटाखोटा कॉल होता. प्रियंका, आमची ट्रेनर, माझ्या मुलापेक्षा, सुजयपेक्षाही लहान, ती इंग्लंडातली म्हातारी झाली आणि हेडफोनमधून म्हणाली की इंजिनिअर टर्न अप झालाच नाही. मी आपली गंभीरपणे विचारते, "मॅडम, त्याला कुठल्या बाजूला टर्न व्हायला सांगू?" सगळी बॅच हसली. मीही हसले. हसू नको तर काय करू?

अख्खं आयुष्य हिंदी शाळेत भूगोल शिकवला. कुठली नदी कुठे वळते ते डोळे मिटून सांगेन. हा टर्न मात्र वळायलाच तयार नाही!

कंपनी इंग्लंडातल्या घरांचे बॉयलर दुरुस्त करते. गॅसवर चालणारं यंत्र — तिकडे थंडीत घर त्यावरच गरम राहतं. बिघडलं की माणसं कुडकुडत फोन करतात आणि तो फोन आम्ही इथे इंदूरच्या विजय नगरात बसून उचलतो. म्हाताऱ्या गिऱ्हाइकांना म्हणे पिकलेला आवाज बरा वाटतो. म्हणून चोपन्नाव्या वर्षी मला घेतलं.

रजत टीम लीडर आहे. जाताना म्हणाला, "शालिनीजी, महिन्याच्या शेवटी फायनल. तब तक देख लो."

बघतेच. कारण नाही जमलं तर पुणे. सुजयला मीच बोलून बसलेय — नोकरी पक्की झाली तर इथेच राहीन, नाही तर सुदामा नगरचा फ्लॅट विकून तुझ्याकडे येईन. हे गेल्यापासून तो तेच म्हणतोय. प्रेमानेच म्हणतो. पण तिथे माझं काय? एक खोली, एक टीव्ही, आणि "मावशी, चहा ठेवू का?" विचारणारी बाई. नको रे बाबा!

८ जानेवारी, बुधवार

आज नुसते जुने कॉल ऐकले. कान किटले!

हीटिंग टर्न अप करा — वाढवा. इंजिनिअर टर्न अप झाला — आला. टर्न डाऊन — कमी करा. पण एका बाईने इंजिनिअरचा चहा टर्न डाऊन केला, तर तो नाकारला! एकाची बायको सत्तरची टर्न होतेय. एकाच्या फ्रिजमधलं दूध टर्न झालं — म्हणजे नासलं. एक आजोबा म्हणाले, आता मी टर्न इन होतो. मला वाटलं कुठे आत शिरतायत. झोपायला चालले होते!

प्रियंका शेजारी बसून सगळं समजावत होती. म्हणाली, "मॅम, शब्द मत पकड़ो. माणसाला पकडा. तो किस हाल में बोल रहा है, ते ऐका." पोरगी मूळची इंदूरजवळच्या देपालपुरची. इंग्रजी अशी बोलते की ऐकत राहावं. मराठी माझ्याकडून शिकायची म्हणते. ठरलं. अदलाबदल!

१२ जानेवारी, रविवार

संक्रांतीचे लाडू वळले. पाक गरम, हात लालेलाल. वळता वळता एकदम डोक्यात आलं — अरे, आपण तरी काय वेगळं करतो! लाडू वळतो, वाती वळतो, गुरं घराकडे वळतात, रस्ता वळतो, मूठ वळते, मन वळवतो. आणि छडी बसली की हातावर उठतो तोही वळच! कुठल्या पोराने कधी यादी करून पाठ केलं हे? कानावर पडत गेलं, येत गेलं.

एकटीच हसत बसले ओट्यापाशी. भीतीच गेली बघ. डबा भरला ऑफिससाठी.

१५ जानेवारी, बुधवार

पास!!

प्रियंकाने जितके टर्न होते तितके फेकले, मी सगळे झेलले. शेवटी तिलाच सुचेना. रजतने तिथल्या तिथे खऱ्या कॉलवर बसवलं. महिनाअखेरपर्यंत प्रियंका शेजारी, मग निकाल.

पहिला खरा आवाज — कोणी गृहस्थ, घसा बसलेला. बटण कुठलं टर्न करायचं एवढंच विचारत होते. मी सांगितलं, ज्योत पेटली. "ब्लेस यू," म्हणाले. मी इंदुरात, तिळाचा लाडू टेबलावर, आणि तिकडे कुणाचं तरी घर गरम झालं! बसमध्ये उभं राहून आले तरी पाय दुखले नाहीत.

१७ जानेवारी, शुक्रवार

सुजयचा फोन. गिऱ्हाईक मिळालं म्हणे फ्लॅटला, चांगले लोक आहेत.

"अरे, माझा निकाल तर लागू दे."

"आई, तू त्या कॉलसेंटरला उगाच सिरियसली घेतेस."

उगाच? फोन ठेवला मी. रागाने नाही — पुढे बोलले असते तर रडले असते म्हणून.

२१ जानेवारी, मंगळवार

आजचं आजच लिहिते.

दुपारचा चहा नुकताच झाला होता. तिकडे सकाळ. फोनवर मिसेस पेनफोल्ड. गोड आवाज, पण जडजड, शब्द घसरणारे. बॉयलर टर्न ऑन होतोय, म्हणाल्या, फक्त ज्योत निळी नाही, पिवळी दिसते. इंजिनिअर पाठवाल का, घाई नाही. नियमाप्रमाणे मी आधी ग्राहक क्रमांक विचारला. त्या शोधायला लागल्या आणि मध्येच म्हणाल्या, "माफ करा हं, चष्माच सापडत नाही. आय हॅड अ फनी टर्न धिस मॉर्निंग. आर्थरलाही काल एक आली. तो वर झोपलाय, हाका मारल्या तरी उठत नाही."

हॅड अ टर्न? हा कुठलाच टर्न मी ऐकला नव्हता. आधी वाटलं, पाळी. कसली पाळी? प्रियंकाकडे बघितलं, तिनेही मान हलवली — नाही माहीत. मग तिचंच वाक्य आठवलं — शब्द नको, माणूस ऐक. श्वास ऐकला. जीभ जड. डोकं दुखतंय असंही मघाशी बोलल्या होत्या. सकाळी एक टर्न "आली". येते ती काय?

चक्कर!

आपणही गावात चक्कर मारतो, आणि आपल्यालाही चक्कर येतेच की! एका घरात दोघांना चक्कर, आणि ज्योत पिवळी. गेल्या थंडीत आमच्या खालच्या चंपाताईंची सून बाथरूममध्ये पडली होती. गॅसचा गीझर, खिडकी बंद. दार तोडून काढली तिला. डॉक्टर म्हणाले होते — गॅस नीट जळला नाही की विषारी वायू होतो, त्याला वास नसतो, माणसाला झोप येते आणि माणूस उठत नाही.

ग्राहक क्रमांक गेला खड्ड्यात!

"मिसेस पेनफोल्ड, टर्न इट ऑफ. आत्ता! दार उघडा आणि बाहेर जा."

"पण डियर, बाहेर बर्फ आहे."

"असू दे. फोन घेऊन जा."

"आणि आर्थर?"

इथे मी अडकले. वर जा म्हटलं तर ही बाई जिन्यातच पडणार. जाऊ नका म्हटलं तर — यांच्या शेवटच्या दिवशी दवाखान्यात मला बाहेर थांबवलं होतं, ते दार डोळ्यांपुढे आलं. कुठल्या तोंडाने सांगू की नवऱ्याला सोडून बाहेर जा?

सांगितलं. शाळेतल्या आवाजात सांगितलं. "तुम्ही पडलात तर आर्थरसाठी हाक कोण मारणार? बाहेर जा, आणि शेजाऱ्यांना हाक मारा. मोठ्याने. मी ऐकतेय."

तोवर प्रियंकाने माझ्या स्क्रीनवर फोन नंबरावरून आलेला पत्ता उचलून दुसऱ्या फोनवर इंग्लंडचं ऑफिस गाठलं होतं — ॲम्ब्युलन्स, गॅसवाले, सगळ्यांना पाठवा म्हणून. माझ्या कानात कडी वाजली. वारा. मग त्या बारीक आवाजात ओरडल्या, कुणाचं तरी नाव. मी म्हटलं, "अजून जोरात!" परत ओरडल्या. एका पुरुषाचा आवाज आला, धावणारी पावलं — आणि लाईन कटली.

बस. पुढचं काही माहीत नाही.

२२ जानेवारी, बुधवार

कॉल तपासणाऱ्यांनी मला शून्य दिलं. ओळख न पडताळता सूचना दिल्या, म्हणून. त्यांच्या भाषेत अशा चुकीला 'फेटल' म्हणतात — जीवघेणी!! ऐकून हसावं की डोकं आपटावं कळेना.

रजतचा चेहरा एवढासा. "शालिनीजी, मी अपील टाकलंय. मैं आपके साथ हूँ. पण तोपर्यंत कॉलवर नाही बसवू शकत."

मी म्हटलं, "भिया, परत तसा फोन आला तर परत हेच करेन. हे पण लिहा अपीलमध्ये."

लिहिलं त्याने.

२४ जानेवारी, शुक्रवार

काही कळलं नाही. आर्थर उठला असेल का?

सुजयला काहीच सांगितलं नाही. तो म्हणेल, बघ, मी म्हणत होतो.

२७ जानेवारी, सोमवार

जिंकले!!! जिंकलो! सगळेच!

रिकामी बसून नव्या बॅचचे कागद लावत होते. रजत पळत आला — खरंच पळत, खुर्च्यांना धडकत. "शालिनीजी, उठो! तुमचा फोन आहे."

"माझा? मी तर बंद आहे."

"एक बाई म्हणतात, मला ती शाळेतल्या बाईंच्या आवाजाची हवी. दुसऱ्या कुणाशी बोलायला तयार नाहीत!"

मिसेस पेनफोल्ड! आवाज एकदम खणखणीत. शेजाऱ्याने आर्थरना खांद्यावर टाकून खाली आणलं होतं. दोन दिवस बेशुद्ध. आता उठून बसलेत आणि दवाखान्यातल्या जेवणाला नावं ठेवतायत. "इतकी नावं ठेवतोय, डियर, की माझी खात्री पटली, हा नक्की जगणार!" डॉक्टर म्हणाले, अजून थोडा वेळ गेला असता तर दोघंही राहिले नसते. बॉयलरच्या चिमणीत पक्ष्याने घरटं केलं होतं, वायू सगळा घरात.

मग म्हणाल्या, "यू डिड अस अ गुड टर्न."

मी विचारलं, "आता हा कुठला टर्न, मॅडम?"

त्या खळखळून हसल्या. "याला उपकार म्हणतात, डियर."

मी मान वर केली तर सगळा फ्लोर उभा! टाळ्या! प्रियंका रडत होती, मी तिला धरलं, मग मीही सुरू. रजतने सगळ्यांसाठी जलेबी मागवली, तीही गरम. शून्य खोडलं गेलं. वरून इंग्लंडच्या ऑफिसने कळवलं की आता सगळ्या बॅचेसना हा कॉल ऐकवणार — माझा आवाज, माझं मोडकं इंग्रजी, "अजून जोरात"सकट. ते तर मी मराठीतच ओरडले होते म्हणे! प्रियंका सांगते. आणि त्या बाई जोरात ओरडल्या!

घरी येताना बसमध्ये कुणाला तरी सांगावंसं वाटत होतं. शेवटी चंपाताईंच्या दारात उभी राहून सांगितलं. त्यांनी सुनेला हाक मारली. ती बाहेर आली, ऐकलं आणि वाकून नमस्कारच केला. पोटाशी धरलं तिला.

३१ जानेवारी, शुक्रवार

पक्की! सही केली, नावाचं कार्ड गळ्यात घातलं. आरशात बघून आले.

सुजयला फोन केला. सगळं सांगितलं, पहिल्यापासून. मग म्हणाला, "आई... मला का नाही सांगितलंस गं?"

"आता सांगितलं ना. आणि ऐक, त्या फ्लॅटवाल्यांना मी टर्न डाऊन केलंय."

हसला. पहिल्यांदाच या विषयावर हसला. पण आवाज थोडा ओढलेला वाटला. थकला असेल.

६ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी सुजयचा फोन. त्याच्या कंपनीने अख्खी टीम काढली, तोही गेला. महिनाभर लपवत होता. पुण्याचं भाड्याचं घर सोडतोय. "आई, काही दिवस तुझ्याकडे येऊ?"

"ये," म्हटलं. "माझी शिफ्ट दीडला असते. डबा तू करायचा."