हाडे%20व%20सांधे

तीर्थरूप ताईंना साष्टांग नमस्कार. (साष्टांग हा शब्द सवयीने लिहिला. प्रत्यक्षात खुर्चीत बसून मान तेवढी वाकवली आहे. आमच्या घरात सध्या हाडांना ताण देणं परवडणार नाही.) आपली आणि दादांची तब्येत बरी असेल. दादांचा खोकला, आपला रक्तदाब, गच्चीवरच्या कुंड्या, सगळं ठीक असावं असं धरून चालतो. फोन करून विचारलं असतं, पण फोन हिच्या टेबलावर असतो आणि मला जे सांगायचं आहे ते हिच्यादेखत सांगण्यासारखं नाही. शिवाय मी आता हातानेच लिहितो. कॉम्प्युटरवर मजकूर लिहायची मला घरातून बंदी झाली आहे. ती का झाली तेच सांगायला बसलो आहे.

आपली धाकटी बहीण इतकी वर्षं मोठ्या इस्पितळात दुसऱ्यांच्या पाट्यांखाली बसून लोकांची हाडं जुळवत होती आणि आता कुठे तिने स्वतःचा दवाखाना काढला, हे आपल्याला ठाऊकच आहे. (उद्घाटनाला आपण येऊ शकला नाहीत म्हणून ही हळहळली. मी मात्र मनातल्या मनात सुटकेचा श्वास सोडला.) जागा हिने शोधली, भिंतींचा रंग हिने निवडला, तपासायचं टेबल, खुर्च्या, पडदे, सगळं हिनेच केलं. माझ्याकडे एकच काम होतं, पाटीचं, आणि तेही मी हट्टाने मागून घेतलं होतं. पितळी अक्षरांत तीन शब्द, 'हाडे व सांधे'. यात चुकायला जागाच कुठे आहे, असं मी हिला म्हणालो होतो. चुकलं ते नेमकं जागेतच.

झालं असं की बोर्डवाला म्हणाला, मजकूर कागदावर नको, कॉम्प्युटरवरून पाठवा, आमचं यंत्र थेट अक्षरं कापतं. मी मजकूर टाइप केला, फाइलला नावही 'हाडे व सांधे' असंच दिलं, ती इंटरनेटवर चढवली आणि तिचा पत्ता त्याला पाठवला. त्याने फाइल उघडलीच नाही. पत्त्याच्या शेपटात मजकूर दिसतोच आहे, मग उघडायचे कष्ट कशाला, असा विचार करून त्याने ते शेपूट उचलून यंत्राला दिलं. उद्घाटनाच्या सकाळी पाटी कापडात गुंडाळून आली आणि तशीच भिंतीवर चढली. हिचे जुने साहेब, म्हणजे इस्पितळाचे मोठे डॉक्टर, यांनी सर्वांसमोर कापड ओढलं. खाली चकचकीत पितळेत लिहिलं होतं: हाडे%20व%20सांधे.

साहेबांनी चष्मा वर केला, खाली केला आणि शांतपणे वाचलं, "हाडे, टक्के वीस, व, टक्के वीस, सांधे." मग हिच्याकडे वळून म्हणाले, "बाकीचे ऐंशी टक्के आमच्याकडे पाठवणार का?" सगळे हसले. हीसुद्धा हसली. पण हिचं ते हसणं आपण लहानपणापासून पाहिलं आहे, ताई. ओठ हसतात आणि भुवया जागच्या हलत नाहीत. दुसऱ्या दिवशी मनगट धरून एक आजीबाई आल्या. "वीस टक्के डॉक्टर त्या तुम्हीच का?" असं त्यांनी विचारलं आणि शिक्षण पुरं झालं की येईन म्हणून परत गेल्या.

मी बोर्डवाल्याकडे धावलो. तो म्हणाला, "गिऱ्हाईकाच्या मजकुराला मी हात लावत नाही." (पूर्वी त्याने एका वकिलांचं आडनाव त्यांना न विचारता शुद्ध करून दिलं होतं. त्या वकिलांनी त्याला कोर्टात खेचलं. तेव्हापासून त्याचं हे व्रत आहे.) मग मी कन्येला फोन लावला. ती दुसऱ्या शहरात कॉम्प्युटरचंच काम करते. ती म्हणाली, "बाबा, तुम्हाला जे रिकामं दिसतं ते कॉम्प्युटरला रिकामं दिसत नाही. मोकळी जागा हेही त्याच्या लेखी एक अक्षरच आहे आणि त्याला नंबर आहे." कोणता नंबर, तर बत्तीस. मग पाटीवर वीस का, तर बत्तीस म्हणजेच वीस. दहादहाचे गट केले तर तीन गट आणि वर दोन, म्हणून बत्तीस. सोळासोळाचे केले तर दोन गट आणि वर शून्य, म्हणून वीस. "इतकं सोपं आहे," असं ती अगदी आईच्या आवाजात म्हणाली. पत्त्यात मोकळी जागा सोडली तर पत्ता तुटतो, म्हणून तिथे तिचा नंबर लिहितात, आणि पुढे नंबर येतो आहे हे कळावं म्हणून आधी टक्क्याची खूण. टक्क्यांशी तिचा काही संबंध नाही. मी विचारलं, मग कुणाला खरोखरचं टक्क्याचं चिन्ह लिहायचं असेल तर? ती म्हणाली, त्याचाही नंबर आहे, %25. म्हणजे ताई, वीस टक्के म्हणजे काहीच नाही आणि पंचवीस टक्के म्हणजे टक्के. मी फोन ठेवला आणि भाजी आणायला बाहेर पडलो, पिशवी न घेता आणि एका पायात हिची चप्पल घालून.

(मोकळ्या जागेचे प्रकारही आहेत म्हणे. एक न तुटणारी असते. एकीला रुंदीच नसते. जागा आहे पण रुंदी नाही, मग ती असून करते काय, असं मी विचारलं. शब्द कुठे तोडायचा ते ती गुपचूप सांगते, असं उत्तर मिळालं. यावर मी दोन दिवस विचार केला आणि सोडून दिला.)

मग मी माझ्या डोक्याने तोडगा काढला. घोळ मोकळ्या जागेचा आहे ना, मग मोकळी जागाच नको. सगळं जोडून लिहिलं. जोडीला दारावर लावायची छोटी पाटीही करून घेतली, 'दार ढकलून आत या'. तीही जोडूनच. परिणाम असा झाला की हिला डॉ. हाडेवसांधे या नावाने टपाल येऊ लागलं आणि एका संस्थेने हाडेवसांधे घराण्याचा इतिहास मागवला. दारावर 'दारढकलूनआतया' होतं. लोक दारातच थबकून "आत्या आहेत का?" असं विचारत. आता सगळा रस्ता हिला आत्या म्हणतो. परवा हिच्या वयाच्या एका गृहस्थांनी, पाठ दाखवायला आलेल्या, हिला वाकून नमस्कार केला आणि त्यांना पुन्हा सरळ करायला हिला अर्धा तास लागला.

तिसऱ्या वेळी कन्येने सांगितल्याबरहुकूम फाइल पाठवली, मोकळ्या जागांसकट, बिनचूक. बोर्डवाल्याने ती उघडलीसुद्धा. पण मधल्या काळात त्याने नवं यंत्र आणलं होतं. त्यात मराठी अक्षरंच नव्हती आणि ओळखीचं नसलेलं अक्षर दिसलं की ते यंत्र तिथे चौकोन काढतं. व्रतस्थ माणूस, त्याने चौकोनच कापले. पाटी लागली त्या सकाळी एक जोडपं आलं आणि न्हाणीघराला घसरणार नाहीत अशा फरशा दाखवा म्हणालं. ही त्यांच्याकडे बघत राहिली. मग खुर्चीत बसली आणि मला म्हणाली, "मी इतकी वर्षं थांबले होते ना, या पाटीसाठी." आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. ती उठली, पाटी उतरवली, उलटी केली, जाड पेन घेतलं आणि पाठीवर स्वतःच्या हाताने तीन शब्द लिहून पाटी पुन्हा टांगली.

ताई, हिचं लहानपणीचं मोत्यासारखं अक्षर आपण पाहिलं आहे. डॉक्टर झाल्यानंतरचं पाहिलेलं नाही. पाटीवर काय आहे ते मला कळतं, कारण मला आधीपासून माहीत आहे, आणि शेजारच्या औषधवाल्यांना कळतं, कारण त्यांचा तो धंदाच आहे. बाकी कुणाला एक अक्षर लागत नाही. पण गंमत अशी की त्या दिवसापासून दवाखाना भरू लागला. त्या मनगटवाल्या आजीबाईसुद्धा परत आल्या. पाटीसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हं, आता झालं वाटतं शिक्षण." ही आतून ऐकत होती. त्या दिवशी भुवयासुद्धा हसल्या. मला मात्र यातलं काहीच उमजत नाही. जे वाचता येत होतं ते वाचून लोक परत जात होते आणि जे वाचताच येत नाही त्याच्यावर विश्वास ठेवून आत येतात.

दादांना नमस्कार. कळावे, लोभ आहेच, तो या पत्रानंतरही राहावा.

आपल्या बहिणीचा नवरा

ता. क. पाटी कुणालाच वाचता येत नसल्यामुळे ती वाचून दाखवायला हिने मला दारात बसवलं आहे, सकाळ-संध्याकाळ. दिवसभर "हाडे व सांधे" म्हणून म्हणून घसा बसला. तेव्हा खरं काम असं, की मला महिनाभर आपल्याकडे बोलावून घ्यावं. दादांचा खोकला वाढला असं कळवलंत तरी चालेल.

आ. ता. क. पत्र पाकिटात घालण्याआधी हिच्या हाती पडलं. हिने सगळं वाचलं, पेन मागून घेतलं आणि समासात एक ओळ लिहिली. आपल्याला ती लागणार नाही म्हणून उतरवून देतो. "ताई, यांना महिनाभर ठेवून घे" इथपर्यंत स्पष्ट आहे. पण 'घे'च्या पुढे एक लांब शेपूट आहे. ते 'ऊ नको' आहे की हिची सही, हे मला कळेना. म्हणून औषधवाल्यांकडे घेऊन गेलो. त्यांनी कागद उजेडात धरून नीट पाहिला आणि म्हणाले, "दिवसातून दोनदा, जेवणानंतर."