निळ्या गाडीची चाकं

अण्णा,

तुमची निळी गाडी मी परवा पुरी केली. देवळाली कॅम्पच्या बाजारातून तुम्ही आणलेली ती, खऱ्या गाडीच्या एकास चोवीस मापाची, दोन्ही दारं उघडणारी, स्टिअरिंग फिरवलं की पुढची चाकं वळवणारी. तुम्ही ती आणलीत तेव्हा आईनं पिशवीत डोकावून विचारलं होतं, "पोरीसाठी आणली का?" आणि तुम्ही थोडे लाजून म्हणालात, "नाही गं, माझ्यासाठीच." सातपूरच्या कारखान्यात स्कूटरवर जाणाऱ्या माणसानं स्वतःसाठी खेळण्यातली गाडी आणावी, याचं आईला किती दिवस हसू येत होतं. तुम्ही मात्र गाडीला कुणाला खेळणं म्हणू द्यायचा नाहीत. रविवारी अंघोळ झाली की पाटावर वर्तमानपत्र पसरून माझ्या रंगपेटीतल्या ब्रशनं तिची धूळ झाडायचात. मी एकदा न विचारता तिचं दार उघडलं, तर तुम्ही ओरडला नाहीत, गाडी फक्त वरच्या फळीवर ठेवलीत आणि म्हणालात, "विचारलं असतंस तर मीच दाखवलं असतं." त्यापेक्षा एक चापट परवडली असती. पुढच्या रविवारी तुम्ही मला शेजारी बसवलंत, बारका स्क्रू ड्रायव्हर हातात दिलात आणि सगळी गाडी खालून उघडून दाखवलीत. मी दहा वर्षांची असेन. तुमच्या बोटांना मशीनच्या तेलाचा वास यायचा, साबणानं धुतली तरी.

पंचवटीतल्या त्या दोन खोल्या आम्ही या दिवाळीनंतर सोडल्या. आईला आता जिना चढवत नाही, म्हणून तिला माझ्याकडे आणलं. माळ्यावरचं सामान काढताना जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेली गाडी हाती लागली. तीन चाकं गेलेली, उरलेलं एक तिरकं, आणि ड्रायव्हरच्या दारावर, टपाला लागून, मोठा पोचा. बनियन पुरता सोडवायच्या आतच मला ती दुपार दिसायला लागते. तुम्ही कॉटवर उशीला टेकून बसला आहात. उजवा हात मांडीवर नुसता पडलेला. झटका येऊन सहा-सात महिने झालेत आणि तुमच्याकडे एकच शब्द उरलाय, 'थांब'. पाणी हवं असलं तरी थांब, दिवा बंद करायचा असला तरी थांब. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी आईला सांगितलंय, त्यांच्या आवडीची एखादी छोटी वस्तू हातात द्या, बोटं हलली पाहिजेत. म्हणून आईनं फळीवरची गाडी खाली काढलीय.

रोज तुम्ही बोटानं चाकं फिरवत बसायचात, आणि आम्हाला वाटायचं, येतंय काहीतरी परत. त्या दुपारी पुढचं चाक निखळून पांघरुणावर पडलं. ते तुम्ही परत बसवायला लागलात. उजव्या हाताच्या बोटांत गाडी धरता येईना, डाव्या हातानं चाक नेमकं जागेवर जाईना. मी कॉलेजचं पुस्तक घेऊन समोर बसले होते, बघत नाही असं दाखवत. शेवटी मला राहवलं नाही. "द्या अण्णा, मी बसवते." तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मग डाव्या हातानं गाडी उचलून समोरच्या भिंतीवर फेकलीत. "थांब!" तुम्ही इतक्या मोठ्यानं ओरडलात की खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. आई स्वयंपाकघरातून पिठाच्या हातांनी धावली. तिनं कुणालाच काही विचारलं नाही. झाडून काढलं, गाडी उचलून नेली, आणि मग तुमच्या कॉटवर बसून तुमचं तोंड पदरानं पुसलं. तुम्ही रडत होतात. त्यानंतर व्यायामाच्या बाई आल्या की तुम्ही डोळे मिटून घ्यायचात, आणि काही आठवड्यांनी त्याही यायच्या बंद झाल्या. तुम्ही दीडेक वर्ष अजून होतात, पण हातात काही धरलेलं मी पाहिलं नाही.

चाकं सुटी मिळत नाहीत. शालिमारजवळच्या खेळण्यांच्या दुकानात मी त्याच मापाची एक नवी लाल गाडी घेतली, चाकांसाठी मोडायला. दुकानदारानं कागदात बांधताना विचारलं, "नातवाला का मॅडम?" मी हो म्हटलं. तुमच्या गाडीच्या तळाचे स्क्रू गंजलेले होते. शिवणाच्या मशीनचं तेल सोडून ठेवलं, तेव्हा कुठे दुसऱ्या दिवशी सुटले. आत मागच्या चाकांच्या दांड्याला एक लांब केस गच्च गुंडाळलेला होता. आईचा असेल, माझाही असेल. नवा दांडा थोडा लांब पडला, तो कानशीनं घासला. पुढच्या चाकांचं काही जमलं नाही. ती बसली, पण आता स्टिअरिंग फिरवलं तरी वळत नाहीत.

पोचा मी ठेवणार होते. आई मेथी निवडत शेजारी बसली होती. म्हणाली, "चाकं झाली ना? आता तो पोचा बुजव."

"राहू दे गं. अण्णांच्या हातचा आहे."

तिनं मेथी खाली ठेवली. "हातचा? त्या हातानं त्यांनी आयुष्यभर किती कामं केली. तुझी सायकल जोडली, माझं मशीन दुरुस्त केलं, शेजाऱ्यापाजाऱ्यांचे नळ बसवले. ते सगळं सोडून तुला हेच सापडलं ठेवायला?"

गॅरेजवाले भरतात तसली पुट्टी आणली, पोचा भरला, घासला, वर निळा रंग दिला. रंग जुळला नाही. दारावरचा तुकडा वेगळा दिसतो, उन्हात तर फारच. आईनं गाडी हातात घेतली, चष्मा वर सारून पाहिली आणि म्हणाली, "बरी झाली." मग माझ्याकडे परत दिली. "पण बाहेर नको ठेवूस. कपाटात असू दे." मला वाटलं होतं, ती निदान एकदा ढकलून बघेल.

हे लिहिलेलं मी कुणाला दाखवणार नाही. घरात ठेवलं तर आईच्या हाती लागेल, म्हणून ऑफिसच्या खणात, जुन्या डायऱ्यांखाली सरकवून देईन. तुम्हाला एवढंच सांगायचं राहिलंय. तुमच्याबद्दल कुणी विचारलं की मी म्हणते, झटका आला आणि गेले, काही कळलंसुद्धा नाही त्यांना. लोक म्हणतात, नशीबवान होते, सुटले. मी मान हलवते. तुमची ती शेवटची दोन वर्षं मी आजवर कुणालाच सांगितलेली नाहीत, नवऱ्यालाही अर्धवटच. उद्या कुणी विचारलं, तरी बहुतेक तसंच सांगेन.